आईच्या नागिणीच्या दुखण्यावर नव्या गोळीचा अभ्यास चालू आहे, सही करू द्यावी का?

अबोली_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या कुणी अशा अभ्यासात भाग घेतला असेल किंवा त्यात काम केलं असेल तर कृपया मोकळेपणाने सांगा. मला येत्या मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

आईचं वय ६८. गेल्या दिवाळीच्या तोंडावर तिला डाव्या काखेखालून पाठीपर्यंत नागीण उठली. पहिले तीन दिवस आम्ही वाया घालवले, हे आधीच कबूल करते. शेजारच्या काकूंनी गेरू लावायला सांगितला, मग कुणीतरी पंचवटीत नागीण उतरवून देतात म्हणून तिकडे नेलं. "दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो" हे ऐकून घरात कुणाला झोप नव्हती. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, नागीण एका नसेच्या पट्ट्यात, एकाच बाजूला उठते, टोकं जुळायची भीती सोडा. पण विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या असत्या तर जास्त उपयोग झाला असता. ते तीन दिवस मला अजून खातात.

फोड सुकले, खपल्या पडल्या. दुखणं राहिलं ते राहिलंच. आता आठ महिने होतील. ब्लाउज अंगाला लागू देत नाही. माझा जुना मऊ गाऊन उलटा करून घालते, कारण आतली शिवण टोचते. पंख्याचं वारं त्या जागेवर आलं तरी दचकते. दर सोमवारी कपालेश्वराला जाणारी बाई आठ महिन्यांत सोसायटीच्या गेटबाहेर पडली ती फक्त डॉक्टरांसाठी, आणि सध्या रस्ते असे उकरलेत की रिक्षाच्या प्रत्येक गचक्याला ती दांडा घट्ट धरून डोळे मिटून बसते. तरी कुणी विचारलं की उत्तर एकच: "आहे थोडं, चालायचंच."

सध्या नसेच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम दोन वेळा. १५० केल्यावर बाथरूममध्ये चक्कर येऊन पडता पडता वाचली, म्हणून परत ७५. रात्री त्याच दुखण्यावरची दुसरी गोळी, अ‍ॅमिट्रिप्टिलिन १०. त्याने झोप लागते, पण तोंड कोरडं पडतं. लिडोकेनची चिकटपट्टी लावतो, ती असेपर्यंत जरा बरं.

आता डॉक्टरांनी विचारलं आहे की या दुखण्यावरच्या एका नव्या गोळीचा अभ्यास चालू आहे, भाग घ्याल का. १२ आठवडे. निम्म्या लोकांना नवी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही कळणार नाही. प्रीगॅबालिन आधी बंद करावी लागेल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन आहे तेवढीच चालेल, फार दुखलं तर पॅरासिटामॉल. रोज रात्री ० ते १० मधला एक आकडा भरायचा.

२३ पानांचं माहितीपत्रक मराठीत दिलंय. मी दोनदा वाचलं. पुण्याहून दादा फोनवर ओरडला, "आई काय प्रयोगाचा उंदीर आहे का?" मला तेवढं टोकाचं वाटत नाही, पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही. तिच्या वाट्याला बिनऔषधाची गोळी आली तर तीन महिने तिला नुसतं सोसायला लावायचं का? आणि दुसरं, दुखण्याचा आकडा कसा सांगायचा? तिला विचारलं की ती "चार लिही" म्हणेल, मला माहीत आहे.

निफाडचा_बागायतदार

ताई, मी पाच-सहा वर्षांपूर्वी गुडघ्याच्या दुखण्याच्या अभ्यासात होतो. कुठल्या हॉस्पिटलात ते लिहीत नाही. लोक चांगले होते, तपासण्या फुकट, यायचं-जायचं भाडं द्यायचे, दर वेळी अर्धा तास बसवून नीट विचारपूस करायचे. एवढा वेळ मला आयुष्यात कुठल्या डॉक्टरने दिला नव्हता. माझा गुडघा त्या तीन महिन्यांत बरा होता. नंतर कळलं की माझी गोळी बिनऔषधाची होती. ते ऐकून राग आला नाही, पण कोडं अजून सुटलेलं नाही.

एक गोष्ट मनात राहिली आहे ती इथे सांगतो. नाव घ्यायच्या आधी त्यांनी विचारलं होतं, दुखणं दहापैकी किती. खरं तर पाच होतं. चारच्या खाली असलं तर घेत नाहीत असं बाहेर बाकावर बसलेल्या एकाने सांगितलं होतं, म्हणून मी आठ सांगितलं. पुढे ऑक्टोबर छाटणी सुरू झाली, दिवसभर बागेत उभा. वही रोज लिहायचं राहून जायचं. मग तपासणीच्या दिवशी एसटीत बसून सात दिवसांचे सात आकडे एकदम लिहायचो. त्यात कुणाचं नुकसान झालं असेल का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

सिस्टरमावशी

अबोली, तुला "तू"च म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची असशील. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं वॉर्डात आणि शेवटची नऊ वर्षं अशाच अभ्यासांची कोऑर्डिनेटर म्हणून काम केलं. माहितीपत्रक समजावून सांगायचं, फोन करून आठवण करायची, वह्या तपासायच्या, हे माझं काम. तुझे दोन्ही प्रश्न मी शेकडो वेळा ऐकलेत. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

पहिल्याचं आधी. बिनऔषधाची गोळी मिळाली म्हणजे आईला वाऱ्यावर सोडलं असं होत नाही. ती कधीही, कारण न देता बाहेर पडू शकते, आणि त्यामुळे तिचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतंच, ते वाक्य शोध आणि तिला मोठ्याने वाचून दाखव. पॅरासिटामॉल हे असल्या नसेच्या दुखण्यावर फारसं चालत नाही, म्हणून डॉक्टरांना सरळ विचार: "पॅरासिटामॉलने भागलं नाही तर पुढे काय? किती वाट बघायची?" त्यांच्याकडे याचं उत्तर तयार असायला हवं. ते गुळमुळीत बोलले तर सही करू नका, मी इतकं स्पष्ट सांगते. आणि प्रीगॅबालिन घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. ती किमान आठवडाभर उतरवत आणतात, नाहीतर झोप उडते, घाम येतो, डोकं दुखतं आणि ते सगळं नागिणीच्या नावावर जातं.

पहिल्या किंवा शेवटच्या पानाच्या आसपास एक सीटीआरआय क्रमांक असेल, म्हणजे देशातल्या अशा अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक. १५ जून २००९ पासून आपल्या देशात अशा अभ्यासाची नोंद आधी करणं सक्तीचं आहे. तो क्रमांक सीटीआरआयच्या साइटवर टाक, अभ्यास कुणाचा, किती लोकांवर, काय मोजणार, सगळं दिसेल. भाग घेणाऱ्यांचं हित सांभाळलं जातं का ते बघणारी एथिक्स कमिटी असते, तिच्या माणसाचा फोनही पत्रकात असतो. त्या कमिटीत किमान सात जण असतात, त्यात कायद्याचं माणूस आणि वैद्यकाशी संबंध नसलेलं एक सामान्य माणूसही लागतं. तुझ्या दादाला तो नंबर दे. त्याने स्वतः फोन करून विचारावं. औषधांच्या अभ्यासांसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांनुसार अभ्यासात इजा झाली तर औषधोपचार मोफत, आणि इजा अभ्यासामुळे झाली असं ठरलं तर भरपाईही. उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार न देता बिनऔषधाची गोळी दिली आणि त्यातून इजा झाली, तर तीही त्यात धरलेली आहे. सही केलेल्या कागदाची प्रत घरी आणायची, विसरायचं नाही.

आता आकडा.

ताप असला तर थर्मामीटर आहे, साखरेला पट्टी आहे. दुखणं मोजायला यंत्र नाही. या अभ्यासात जे काही सिद्ध होणार आहे ते तुझ्या आईसारख्या माणसांनी रात्री भरलेल्या आकड्यांवर. सुरुवातीच्या आठवड्याची सरासरी आणि शेवटच्या आठवड्याची सरासरी, यांत किती फरक पडला ते बघतात. प्रीगॅबालिनच्या दहा अभ्यासांतले २,७२४ रुग्ण एकत्र तपासून २००१ साली असं दिसलं की आकडा साधारण दोनने, म्हणजे ३० टक्क्यांनी उतरला की माणूस स्वतःहून "बराच फरक पडला" म्हणतो. दोनचा खेळ आहे सगळा. आई सहाचे चार सांगून बसली तर औषधाला उतरायला जागाच उरली नाही.

बागायतदार भाऊ, तुम्ही मनापासून विचारलंत म्हणून मनापासून सांगते. नुकसान होतं. पाचाचे आठ सांगून आत आलेला माणूस नंतर पाच सांगतो तेव्हा कागदावर तीनने बरा झालेला दिसतो, गोळी कुठलीही असो. असे बरेच जण झाले की बिनऔषधाची गोळी छान चालली असं दिसतं आणि चांगलं औषधही फेल होतं. वहीचं म्हणाल तर २००२ साली अमेरिकेत जुनाट दुखणं असलेल्या ८० जणांवर पाहणी झाली. निम्म्यांना दिलेल्या कागदी वहीच्या फाइलमध्ये प्रकाश ओळखणारा सेन्सर बसवला होता, वही कधी उघडली ते त्याला कळायचं. वह्यांवरून दिसत होतं की ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या. सेन्सरच्या हिशेबाने खरोखर वेळेवर झालेल्या ११ टक्के. म्हणून आता फोनवर भरून घेतात, रात्र संपली की ते पान बंद होतं. मी सीबीएसच्या स्टँडवर आमच्याच रुग्णांना मांडीवर वही ठेवून आठवड्याचे आकडे भरताना बघितलं आहे. मी त्यांना कधी रागावले नाही. काय मोजतोय आणि का, हे आम्हीच नीट सांगितलेलं नव्हतं.

अबोली, तुझ्या आईसारख्या बायका मी खूप बघितल्या. वेणी सरळ, हात मांडीवर, "बरं आहे हो सिस्टर." नवरा किंवा सून शेजारी बसली असेल तर आकडा आणखी खाली. मग मी कुणाला तरी चहा आणायला पाठवायचे आणि वेगळं विचारायचे: "रात्री कितीदा जाग येते? त्या कुशीवर झोपता का? भाकरी थापताना हात थांबतो का?" मग गोष्ट बाहेर यायची.

आणि तिला शब्द विचार. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत, ते वापरायचे. गळवाला ठणका असतो, दाढेला ठुसठुस, पोटात कळ येते किंवा मुरडा पडतो. नसेचं दुखणं आग करतं, भगभगतं, चमक मारतं, मुंग्या आणतं, सुया टोचतं. डॉक्टर नसेचं दुखणं ओळखायला दहा मुद्द्यांची जी यादी वापरतात तिच्यात आग, वीज चमकल्यासारखं, मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज हेच विचारतात. "दुखतं" एवढ्या एका शब्दावर कुणाला काय कळणार?

शेवटचं. तू दोनदा वाचलंस, दादा पुण्याहून ओरडला. आईने ते पत्रक वाचलं का? तुझ्या सबंध पोस्टमध्ये तिला काय हवं आहे ते कुठे दिसलं नाही मला.

अबोली_इंदिरानगर

मावशी, शेवटचा परिच्छेद वाचून गप्प झाले. नाही, तिला दिलंच नाही वाचायला. आई जुनी मॅट्रिक आहे, रोज पेपर पहिल्या पानापासून वाचते. आज रात्री देते.

एक अजून विचारते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, प्रीगॅबालिन ही औषधं आहेतच ना? मग नवी गोळी त्यांच्याशी का नाही ताडून बघत? बिनऔषधाची गोळी मध्ये कशाला?

मोजपट्टी

मी नाशिकरोडला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. तुमच्या या प्रश्नाला मात्र माझ्या विषयात उत्तर आहे.

बागायतदार दादांचा गुडघा बिनऔषधाच्या गोळीवर बरा राहिला, त्याला तीन कारणं असू शकतात. एक, आकडा आधीच फुगवलेला. दोन, माणूस डॉक्टरकडे जातो ते दुखणं शिगेला असताना, आणि शिगेवरचं काहीही थोडं खाली येतंच. तीन, खरोखर बरं वाटणं. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. बिनऔषधाच्या उपायाने ज्यांचं दुखणं उतरलं होतं त्यांना नालोक्झोन दिलं, म्हणजे अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम पुसणारं औषध. त्यांचं दुखणं परत वाढलं. याचा अर्थ असा घेतला गेला की आराम पडेल या अपेक्षेने मेंदू स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतो. दादा, तुमचा आराम खोटा होता असं कुणी म्हणू नये.

पण हा आराम मोठा असतो म्हणूनच तो वेगळा मोजावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये सुझेट्रिजिन या नव्या औषधाचा सायटिकावरचा, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यावरचा, निकाल आला. औषध घेणाऱ्यांचा आकडा सरासरी २.०२ ने उतरला. ऐकायला उत्तम. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांचा १.९८ ने उतरला. दुसरा गट नसता तर ते सायटिकावरचं यश म्हणून विकलं गेलं असतं. तेच औषध शस्त्रक्रियेनंतरच्या तीव्र दुखण्यात बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरलं आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला तशा तीव्र दुखण्यासाठी मंजुरी मिळाली. एकच औषध, दुखणं वेगळं, निकाल वेगळा. प्रीगॅबालिनही तसंच: नागिणीनंतरच्या दुखण्यात चालतं, पण २०१७ मध्ये सिडनीच्या अभ्यासात सायटिकावर बिनऔषधाच्या गोळीपुढे टिकलं नाही, चक्कर मात्र जास्त आली.

आणि जुनी औषधं आहेत तरी नवं का शोधतात? २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात नसेच्या दुखण्याचा हिशेब मांडला होता. बिनऔषधाच्या गोळीने मिळतो त्याहून वरचा, दुखणं निम्म्यावर आणणारा आराम एका माणसाला मिळायला अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या जातीची औषधं साधारण चौघांना द्यावी लागतात, प्रीगॅबालिन साधारण आठांना. तुमच्या आईंना ती पुरली नाहीत यात त्यांचा काही दोष नाही. बहुतेकांना पुरत नाहीत.

तुमच्या निर्णयाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. प्रीगॅबालिन ७५ ने त्यांना थोडाफार जरी आराम असेल तर तो सोडायचा की नाही, हा या सगळ्यातला खरा सौदा आहे. आराम किती आहे हे तुम्हाला आत्ता माहीतच नाही, कारण आकडा कुणी लिहिलेला नाही. सहीच्या आधी चार दिवस लिहून बघा.

कॉलेजरोडची_वैशू

जरा विषयाला सोडून, पण राहवत नाही. अबोली, घरात पन्नाशीच्या पुढचे जे असतील त्यांच्यासाठी डॉक्टरांना नागिणीच्या लशीबद्दल विचारून ठेव. शिंग्रिक्स २०२३ पासून आपल्याकडे मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे. पण माझ्या सासऱ्यांनी नागिणीनंतर दोन वर्षं काढली तशी कुणी काढू नयेत.

अबोली_इंदिरानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय.

आईला पत्रक दिलं. भिंग घेऊन दोन दुपारी बसली, पेन्सिलने खुणा केल्या. मोजपट्टी सरांनी सांगितल्याप्रमाणे एक छोटी वहीही दिली आणि सांगितलं, मी बघणार नाही, रात्री झोपताना तूच आकडा लिही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच वही माझ्या पुढ्यात ठेवली. आठ, आठ, सात. शेजारी बारीक अक्षरात: "पाठीवर निखारा ठेवल्यासारखं. मध्येच चमक. पहाटे तीनला उठले." मी आठ महिने तिच्या शेजारच्या खोलीत झोपते.

मी विचारलं, मग थोडं थोडं काय म्हणत होतीस? म्हणाली, "तुझ्या बाबांच्या दुखण्यात तुझी नोकरी गेली. परत घर तसं व्हायला नको."

मग मावशींचे प्रश्न घेऊन आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. प्रश्न आईने विचारले. पॅरासिटामॉलने भागलं नाही तर त्याच दिवशी फोन करायचा आणि गरज पडली तर बाहेर काढून नेहमीचे उपचार सुरू करणार, असं स्पष्ट उत्तर मिळालं. प्रीगॅबालिन दोन आठवड्यांत उतरवणार. मूत्रपिंडाचा रिपोर्ट ठीक आला तरच घेणार आहेत, म्हणजे अजून नक्की काही नाही. दादाने एथिक्स कमिटीला फोन केला, वीस मिनिटं बोलला. आता ओरडत नाही, पण पहिल्या तपासणीला रजा टाकून येतो म्हणतोय.

आई सही करायची म्हणतेय. मी कारण विचारलं तर म्हणाली, "सातवर राहून काय वाचवतेय मी?"

आता फक्त एकच अडचण. सही करतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होणार आहे. आईला त्याचीच काळजी लागली आहे. गाऊनवर कॅमेऱ्यासमोर बसायचं नाही म्हणते, आणि ब्लाउज घालून अर्धा तास बसवणार नाही तिला. मावशी, काय करतात अशा वेळी?

सिस्टरमावशी

अगं, तिला ब्लाउज घालायला लावू नकोस. आदल्या दिवशी कोऑर्डिनेटरला फोन करून सांग, हे त्यांना नवीन नाही. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं असेल घरात तर गाऊनवरून उजव्या खांद्याने सैल घे, डावी बाजू मोकळी राहू दे. कॅमेऱ्यात चेहरा आणि आवाज नीट आला की झालं. पंखा तिच्या अंगावर येणार नाही अशी खुर्ची ठेवायला सांग. रिक्षात तिला उजवीकडे बसव आणि तू डाव्या हाताला बस, म्हणजे गचका बसला तर दांडा लागणार नाही. पण तुझं अंग तिला टेकू देऊ नकोस, मध्ये पिशवी ठेव.

जुने सगळे प्रिस्क्रिप्शन, औषधांची रिकामी पाकिटं आणि ती छोटी वही बरोबर ने. वही डॉक्टरांना दाखव.